आडवाटेने ल माँच्या शर्यतीला: खान्देशातील मोटारप्रेमींसाठी फ्रान्सच्या ग्रामीण रस्त्यांची माहिती

मोटारींच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी फ्रान्समधल्या ल माँ शहरी जाण्याचा आपल्याकडच्या मंडळींचा बेत बहुधा ठरलेला असतो: मुंबईहून विमानाने पॅरिस, तेथून टोलच्या महामार्गाने सुमारे २१० किलोमीटर आणि थेट प्रेक्षागृह. वेळ थोडा असेल तर त्यात काही वावगे नाही. परंतु ज्यांच्या हाती तीन-चार दिवस अधिक आहेत, त्यांनी महामार्ग सोडून गावागावांतून जाणारा रस्ता धरावा, असे मी आग्रहाने सांगतो. कारण ही शर्यत कुंपणातल्या मैदानावर नव्हे, तर रस्त्यावर वाढलेली आहे. २६ आणि २७ मे १९२३ रोजी ती पहिल्यांदा झाली तेव्हा मोटारी साध्या ग्रामीण रस्त्यांवरून धावल्या, आणि आजच्या १३.६२६ किलोमीटरच्या फेरीतलाही बराच भाग एरवी शेतकऱ्यांच्या आणि कामावर जाणाऱ्या लोकांच्या रोजच्या वहिवाटीचा असतो. चोपड्याहून यावल, फैजपूर, रावेरकडे केळीच्या बागांमधून जाणाऱ्या रस्त्याला जो जीव लावतो, त्याला या शर्यतीचे मर्म आधी तिच्या आसपासच्या रस्त्यांवर कळते आणि मग प्रेक्षागृहात.

शर्यत साधारणपणे जूनच्या मध्यावर, शनिवारी दुपारी ४ वाजता सुरू होते. आपल्याकडे तेव्हा पेरणीची लगबग असते आणि आकाशाकडे डोळे लागलेले असतात. तिकडे मात्र सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सायंकाळी सातला मुक्कामी पोहोचूनही तीन तासांचा उजेड शिल्लक राहतो. रोजचा टप्पा आखताना हा उजेड जमेस धरावा, मात्र त्याच्या भरवशावर अंतर वाढवू नये. ग्रामीण रस्त्यावर गावे, वळणे आणि ट्रॅक्टर धरून ताशी सरासरी ५० किलोमीटरचाच हिशेब करावा आणि दिवसाला १००-१२० किलोमीटरपेक्षा अधिक ठरवू नये.

कागदपत्रांची तयारी निघण्याच्या बऱ्याच आधी सुरू करावी लागते. शर्यतीची तिकिटे अलीकडे फार लवकर संपतात. २०२३ च्या शताब्दी वर्षी सुमारे सव्वातीन लाख प्रेक्षक आले होते, यावरून मागणीची कल्पना यावी. तिकीट, वाहनतळाचा पास आणि तंबूची जागा हे सारे ऑटोमोबिल क्लब द ल्वेस्त या आयोजक संस्थेकडूनच घ्यावे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतो. पासपोर्ट आणि व्हिसा हाती आल्यावर आपल्या जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा. तो एक वर्ष चालतो, पण मूळ भारतीय परवान्याच्या जोडीनेच. म्हणून दोन्ही सोबत ठेवावेत. भाड्याची मोटार घेताना जो चालवणार त्याच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागितले जाते आणि त्यावर डिपॉझिटची रक्कम अडकवून ठेवली जाते, ही गोष्ट आमच्या गटाला काउंटरवर उभे राहिल्यावर कळली आणि अर्धा दिवस त्यातच गेला.

मोटार पॅरिसमध्ये घेऊ नये. डाव्या बाजूला स्टिअरिंग, उजव्या हाताने गिअर, रस्त्याच्या उजवीकडून चालणे आणि त्यात महानगराची गर्दी, एवढे सगळे पहिल्याच तासात अंगावर घेण्याचे कारण नाही. पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून रेल्वेने साधारण तासाभरात शार्त्र गाठता येते. तेथे मोटार घ्यावी. क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांचा क्रम आपल्यासारखाच असतो, त्यामुळे पायांना काही नवे शिकावे लागत नाही. शिकायचे असते ते हातांना आणि डोळ्यांना. शक्यतो ऑटोमॅटिक गिअरची मोटार आधीच नोंदवावी, कारण साध्या भाड्यात बहुधा हाताच्या गिअरची मिळते. सर्वांत मोठी चूक होते ती पेट्रोल पंपावरून किंवा चहा-कॉफी घेऊन रिकाम्या रस्त्यावर परत येताना: समोर वाहन नसले की हात सवयीने डावीकडे वळतात. शेजारी बसणाऱ्याने अशा प्रत्येक वेळी ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणावे.

नकाशाच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. मोबाइलमधला मार्गदर्शक वेळ वाचवतो, पण रस्ता निवडून देत नाही. मिशलँ या टायर कंपनीचा कागदी नकाशा विकत घ्यावा. विभागवार नकाशांच्या मालिकेत तो १ सेंटिमीटरला १.५ किंवा २ किलोमीटर या प्रमाणात मिळतो. त्यात मोठे रस्ते लाल, दुय्यम रस्ते पिवळे आणि अगदी लहान रस्ते पांढरे दाखवलेले असतात, आणि ज्या रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ ओढलेली असते तो निसर्गरम्य समजावा. रस्त्याच्या नावातले ‘ए’ हे अक्षर महामार्गाचे, ‘एन’ राष्ट्रीय मार्गाचे आणि ‘डी’ जिल्हा मार्गाचे. पिवळा, ‘डी’ अक्षराचा आणि हिरव्या काठाचा रस्ता दिसला की तोच आपला.

मी सर्वांना सुचवतो तो मार्ग ल्वार नदीच्या खोऱ्यातला. येथे आधी एक सावधगिरी. फ्रान्समध्ये ल्वार नावाच्या दोन नद्या आहेत; उच्चार एकच, पण रोमन लिपीत मोठ्या, राजवाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नदीच्या नावाशेवटी ‘ई’ हे अक्षर येते आणि आपल्या लहान नदीच्या नावाशेवटी येत नाही. त्याचप्रमाणे शार्त्र हे कॅथेड्रलचे शहर वेगळे आणि नदीकाठचे ला शार्त्र-स्युर-ल-ल्वार हे छोटे गाव वेगळे. मार्गदर्शक यंत्रात नाव टाकताना स्पेलिंग शेवटच्या अक्षरापर्यंत तपासावे.

शार्त्रचे कॅथेड्रल ११९४ च्या आगीनंतर नव्याने उभारले गेले आणि त्याचे दोन असमान उंचीचे मनोरे बोस प्रदेशाच्या सपाट गव्हाच्या शिवारातून फार लांबून दिसतात. तापीकाठच्या काळ्या, सपाट रानात वाढलेल्या माणसाला हा मोकळेपणा ओळखीचा वाटतो, फक्त बांध आणि बाभळी दिसत नाहीत. तेथून दक्षिणेला बोनव्हालवरून शातोदँला यावे. येथे नदीच्या वर कड्यावर किल्ला आहे. पुढे वाँदोम, जेथे नदीचे फाटे गावातूनच वाहतात. येथपर्यंतचा पहिला दिवस पुरे, आणि मुक्काम वाँदोमलाच करावा.

दुसरा दिवस या प्रवासातला सर्वांत सुंदर. वाँदोमहून डी ९१७ धरून मोंत्वारकडे निघावे आणि त्याआधी थोडी वाट वाकडी करून लाव्हार्दँ पाहावे: पडझड झालेला किल्ला, जुना दगडी पूल, नदी आणि मूठभर घरे. मोंत्वारच्या रेल्वे स्थानकावर २४ ऑक्टोबर १९४० रोजी हिटलर आणि फ्रान्सचे तेव्हाचे शासनप्रमुख पेताँ यांची भेट झाली होती. एवढ्या शांत गावाच्या वाट्याला असा दिवस यावा, याचे तेथे उभे राहिल्यावर विलक्षण वाटते. त्यानंतर त्रो लागते. अजिंठा घरापासून दोन तासांवर असलेल्या जळगावकराला कोरलेल्या दगडाचे अप्रूप नसेल, पण आपला दगड काळा, कठीण बेसाल्ट आणि हा पांढुरका, मऊ चुनखडक. त्यात डोंगराच्या पोटात खोदलेली घरे आहेत आणि त्यांतल्या काहींत आजही माणसे राहतात. मोटार खाली ठेवून पायऱ्यांनी वर जावे.

ला शार्त्र-स्युर-ल-ल्वारला पोहोचलात की शर्यतीच्या इतिहासात शिरलात असे समजावे. येथल्या चौकातल्या ओतेल द फ्रान्समध्ये अनेक वर्षे ॲस्टन मार्टिनचा चमू उतरत असे. १९५९ मध्ये कॅरोल शेल्बी आणि रॉय साल्वादोरी यांनी त्यांना ल माँचे विजेतेपद मिळवून दिले. त्या काळी शर्यतीच्या मोटारी येथून सार्वजनिक रस्त्यानेच सर्किटकडे चालवत नेत. ल ग्राँ-ल्युसेवरून ल माँला जाणारा डी ३०४ आजही तसाच आपल्यासाठी खुला आहे आणि त्याने साधारण तासाभरात शहर येते. मात्र घाई नसेल तर आधी ज्युपीय गावाजवळच्या बेर्से अरण्यात जावे. तीनशे वर्षांहून जुने, सरळसोट वाढलेले ओक तेथे आहेत. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचे जळालेले शिखर पुन्हा उभारण्यासाठी २०२१ मध्ये याच अरण्यातून आठ ओक तोडण्यात आले. सातपुड्यातला जुना साग ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी या झाडांखाली तासभर काढावा. शार्त्रपासून ल माँपर्यंतचा हा सगळा फेरा सुमारे १८० किलोमीटरचा होतो.

उत्तरेकडून, नॉर्मंडीतून येणाऱ्यांनी अलाँसाँहून सरळ न येता साँ-सेनेरी-ल-जेरेई, साँ-लेओनार-दे-ब्वा आणि फ्रेने-स्युर-सार्थ अशी वळणे घ्यावीत. या टेकड्यांना तेथे कौतुकाने ‘माँचे आल्प्स’ म्हणतात. तोरणमाळ चढलेल्याला उंची किरकोळ वाटेल, पण सार्थ नदीची वळणे मन भरून टाकतात.

एक दिवस हाती उरला तर १९०६ चा त्रिकोण फिरावा. जगातली पहिली ग्राँ प्री २६ आणि २७ जून १९०६ रोजी ल माँ, साँ-काले आणि ला फेर्ते-बेर्नार यांच्यामधल्या रस्त्यांवर झाली. एक फेरी सुमारे १०३ किलोमीटरची. रोज सहा अशा दोन दिवसांत बारा फेऱ्या. रेनॉच्या फेरेंक सिस यांनी ती जिंकली, आणि त्यात मिशलँच्या सुट्या निघणाऱ्या रिमचा मोठा वाटा होता: खडीने टायर फाटत असताना इतरांना चाकावरचा टायर कापून नवा चढवावा लागे, सिस यांना तो रिमसकट बदलता येई. ल माँहून डी ३५७ ने साँ-काले, तेथून उत्तरेला ला फेर्ते-बेर्नार आणि डी ३२३ ने परत, असा हा फेरा निवांत अर्ध्या दिवसात होतो.

नियमांपैकी आपल्या माणसाला सर्वांत अवघड जातो तो उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्याचा. आपल्याकडे मोठा रस्ता आणि मोठे वाहन यांना वाट मिळते. तेथे चौफुलीवर दुसरी काही खूण नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या लहानशा मोटारीलाही आधी जाऊ द्यावे लागते. लाल काठाच्या त्रिकोणात काळी फुली दिसली की पुढे हा नियम आहे असे समजावे. पिवळा चौकोन कोनावर उभा दिसला तर आपला रस्ता प्राधान्याचा, आणि त्यावर काळी रेघ असेल तर ते प्राधान्य संपले. गोल चौकात मात्र आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला. वेगमर्यादेची सूचना देणारी वेगळी पाटी नेहमीच नसते: लाल काठाची गावाच्या नावाची पाटी हीच वेस, तिच्या आत ५०, आणि त्याच नावावर तिरपी लाल रेघ दिसली की गाव संपले. गावाबाहेर मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर जुलै २०१८ पासून सर्वसाधारण मर्यादा ८० आहे, काही जिल्ह्यांनी ठरावीक रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली आहे. शर्यतीच्या आठवड्यात पोलीस जागोजागी उभे असतात. मर्यादेपेक्षा ४० किलोमीटरने अधिक वेग आढळला तर परवाना जागीच काढून घेतला जाऊ शकतो. रक्तातल्या मद्याची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे; चालवणाऱ्याने वाइनच्या गावातही पाणीच घ्यावे. परावर्तक जाकीट आणि धोक्याचा त्रिकोण मोटारीत आहेत का, हे ताबा घेतानाच पाहावे. अडचणीत ११२ हा क्रमांक चालतो.

पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल; पेट्रोल ‘साँ प्लाँ’ या नावाखाली ९५ किंवा ९८ आकड्यासह मिळते. ई ८५ हे इथेनॉलचे इंधन साध्या मोटारीत भरू नये. गावातले पंप रविवारी माणसाविना कार्डावर चालतात, म्हणून शनिवारी टाकी भरून ठेवावी.

खाण्याची वेळ चुकवू नये. दुपारी १२ ते २ हीच जेवणाची वेळ. त्यानंतर लहान गावात स्वयंपाकघर बंद होते. शाकाहारी मंडळींनी क्रेपरी शोधावी: तेथे कुट्टूच्या पिठाचे पातळ धिरडे मिळते, आणि ‘फ्रोमाज’ म्हणजे चीज हवे, ‘साँ झाँबाँ’ म्हणजे डुकराचे मांस नको, एवढे सांगितले की काम भागते. सकाळच्या आठवडे बाजारातून फळे, टोमॅटो, चीज आणि बेकरीतला पाव घेऊन नदीकाठी बसणे सर्वांत उत्तम. घरून शेंगदाण्याची चटणी, कळण्याचे पीठ, खाकरे न्यावेत. परंतु तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपीय संघात सामानातून नेण्यास मनाई आहे.

ल माँला पोहोचल्यावर मोटार मुक्कामी ठेवावी आणि सर्किटला ट्रामने जावे. रेल्वे स्थानकावरून सुटणारी ट्राम सर्किटजवळच्या आंतारेसपर्यंत नेते. शुक्रवारी चालकांची मिरवणूक शहरातून निघते, त्या दिवशी दुपारनंतर मध्यवस्तीत वाहन नेऊ नये. सराव आणि शर्यतीच्या काळात फेरीतले सार्वजनिक रस्ते बंद असतात, त्यामुळे त्या बाजूची यंत्राने दाखवलेली वाट न मानता वळण-रस्त्याच्या पिवळ्या पाट्यांवर भरवसा ठेवावा.

रविवारी दुपारी ४ वाजता शर्यत संपल्यावर लगेच निघू नये, कारण लाखो माणसे त्याच वेळी बाहेर पडतात. एक रात्र थांबावे आणि रस्ता पुन्हा खुला झाला की तेर्त्र रूजपासून म्युल्सानकडे डी ३३८ वर मोटार घालावी. हीच ती युनोदियेरची सरळ वाट, जिच्यावर १९८८ मध्ये ताशी ४०५ किलोमीटरचा वेग नोंदला गेला आणि १९९० पासून जिच्यात वेग तोडण्यासाठी दोन वाकणे घातली आहेत. ती वाकणे बाजूला राहतात आणि आपला रस्ता सरळच जातो. दोन्ही कडांना लोखंडी कठडे असतात, समोरून पाव घेऊन येणाऱ्या गावकऱ्याची मोटार दिसते. म्युल्सानला उजवीकडे वळले की पाइनच्या झाडीतून तोच रस्ता इंडियानापोलिस आणि आर्नाजच्या वळणांकडे जातो.