रुग्णाची गोष्ट आधी ऐकावी

सोलापुरातील बाह्यरुग्ण विभागात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे रुग्ण एकाच रांगेत बसलेले असतात. म्हणून प्रथम रुग्णासमोर खुर्ची ओढून बसावे, कोणत्या भाषेत बोलणे सोपे जाईल ते विचारावे आणि "अगदी पहिल्यापासून सांगा" एवढे म्हणून मध्ये न तोडता ऐकावे.

क्षयरोगाची औषधे साधारणपणे किमान ६ महिने घ्यावी लागतात, परंतु काही आठवड्यांतच खोकला कमी होतो आणि यंत्रमागावर काम करणारा रुग्ण गोळ्या थांबवतो. त्याला रागावू नये. "काका, रोजगार बुडवून इथे येणे जड जात असेल," असे आधी म्हणावे, मग त्याच्याच कामातली गोष्ट सांगावी: चादर अर्धी विणून मागावरून उतरवली, तर धागे सुटतात; तसेच औषध अर्ध्यावर सोडले, तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात आणि तीच औषधे त्यांच्यावर चालेनाशी होऊ शकतात. अशी एक गोष्ट, माझ्या मते, दहा सूचनांहून अधिक काळ लक्षात राहते.

शेवटी "समजले का?" असे विचारू नये, कारण संकोचाने बहुतेक जण मान डोलावतात; त्याऐवजी "घरी काकूंना काय सांगाल?" असे विचारावे आणि जे चुकले तेवढेच पुन्हा समजावून सांगावे.