सेफ लोड इंडिकेटर: भार उचलण्यापूर्वी करावयाची तपासणी

मोबाइल क्रेनच्या केबिनमधील सेफ लोड इंडिकेटर, म्हणजेच साइटवरच्या बोलीतला 'एसएलआय', बूमची (क्रेनच्या लांब हाताची) लांबी, तिचा कोन आणि हुकवरील भार यांवरून क्रेनवर किती ताण आला आहे याचा हिशेब मांडतो. परंतु त्यातील बरीचशी माहिती ऑपरेटरने भरलेली असते आणि तीच चुकली तर हिरव्या दिव्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून पहिले काम सेटिंगचे. दोरीचे फॉल (हुक पेलणारे पदर) किती आहेत, आउटरिगर (क्रेनला स्थिर ठेवणारे बाजूचे पाय) पूर्ण काढले आहेत की अर्धे, काउंटरवेट (तोल सांभाळणारे वजन) किती चढवले आहे आणि जिब (बूमच्या टोकाला जोडायचा जादा हात) लावला आहे का, हे खाली उतरून प्रत्यक्ष पाहावे व मगच पडद्यावर निवडावे. आदल्या पाळीचे सेटिंग तसेच पुढे चालवू नये.

त्यानंतर क्रेनच्या फिरण्याच्या केंद्रापासून (चेसिसच्या कडेपासून नव्हे) हुकपर्यंतचे अंतर टेपने मोजून पडद्यावरील त्रिज्येशी ताडून पाहावे. १० टनांचा भार ६ मीटरवर ६० टन-मीटर (भार गुणिले अंतर) होतो, तर १२ मीटरवर १२०. शिवाय भार येताच बूम वाकते आणि त्रिज्या आणखी वाढते. मग वजन माहीत असलेला ठोकळा उचलून भाराचा आकडा तपासावा.

बूमच्या टोकाखाली साखळीला लटकणारे अँटी-टू-ब्लॉकचे (हुकचा ब्लॉक बूमच्या टोकावर आदळू नये म्हणून बसवलेल्या स्विचचे) वजन सर्वांत दुर्लक्षित असते. रिकामा हुक अगदी सावकाश वर घ्यावा. ब्लॉकने ते वजन उचलताच भोंगा वाजून हॉइस्ट (हुक वर ओढणारे यंत्र) थांबला पाहिजे. वजन तारेने वर बांधलेले आढळले, तर स्विच नादुरुस्त आहे असे समजून दुरुस्तीपर्यंत काम थांबवावे. बायपासची (सुरक्षा यंत्रणा तात्पुरती बंद करण्याची) चावी ऑपरेटरच्या खिशात नव्हे, सुपरवायझरच्या ताब्यात असावी.

आउटरिगरखालची भरावाची माती इंडिकेटरला दिसत नाही आणि भारावर आडवा आदळणारा वाराही तो मोजत नाही. १४ जुलै १९९९ रोजी अमेरिकेतील मिलवॉकी येथे स्टेडियमच्या छताचा भाग उचलताना 'बिग ब्लू' क्रेन कोसळून तीन कामगार दगावले. छताच्या त्या भागावर पडणारा वाऱ्याचा जोर हिशेबात धरलेला नव्हता. पत्रे, शटरिंगचे पॅनेल असा पसरट माल उचलायचा असेल, तर वायुवेगमापकाचा आकडा लोड चार्टमधील (क्रेनच्या क्षमतेच्या तक्त्यातील) वाऱ्याच्या मर्यादेशी ताडावा आणि त्या मर्यादेच्या बऱ्याच अलीकडेच काम थांबवावे.