हृदयविकार आणि नॉन-कोडिंग आरएनए: प्रोजेक्ट घेण्याआधी

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी मिरजेतल्या एका हॉस्पिटलमध्ये कोरोनरी आर्टरीच्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या) ब्लॉकेजवर प्रोजेक्ट केला. सांगलीकडची बरीच मुलं आता हाच विषय मागतात, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे पेशीतले असे आरएनए रेणू, ज्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, पण कुठलं प्रथिन किती बनेल यावर त्यांचा वचक असतो. यादी मोठी आहे. सुरुवातीला एकच रेणू घट्ट धरा. मी मीर-३३ धरला. साधारण २२ न्यूक्लिओटाइडचा (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचा) हा मायक्रोआरएनए, म्हणजे अगदी छोटा नॉन-कोडिंग आरएनए, एसआरईबीएफ२ या कोलेस्टेरॉल सांभाळणाऱ्या जनुकाच्या पोटातच असतो. तो एबीसीए१ या कोलेस्टेरॉल पेशीबाहेर काढणाऱ्या प्रथिनाला दाबतो, मग पेशीतलं जादा कोलेस्टेरॉल एचडीएलकडे (ज्याला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात) जायचं ते आतच साठतं. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी एसआरईबीएफ२ चाळवतो, म्हणजे मीर-३३ही वाढू शकतो. त्यामुळे पेशंटची औषधाची चिठ्ठी उतरवून घेतली नाही तर आकड्यांचा अर्थच लागत नाही.

खरं काम कॅथ लॅबच्या (अँजिओग्राफी करतात त्या खोलीच्या) दाराशी असतं. रक्त अँजिओग्राफीत हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) देण्याआधीच घ्या, कारण हेपारिन पीसीआर, म्हणजे आरएनए मोजायची चाचणी, अडवतं. जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब वापरा, ती जोरात हलवू नका. प्लाझ्मा (रक्तपेशी वेगळ्या केल्यावर उरणारा द्रव) गुलाबी दिसला की नमुना बाजूला ठेवा. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातला मीर-४५१ए हा मायक्रोआरएनए बाहेर पडतो आणि मग आपण मोजतो ते सुईनं केलेलं नुकसान. डोळ्यांवर विसंबू नका, ४१४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण तपासा, फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन तिथे कळतं. प्लेटलेट राहू नयेत म्हणून सेंट्रीफ्यूज दोनदा करा.

संमतिपत्र मात्र घाईत उरकू नका. जतकडच्या एका आज्जींनी मला विचारलं, "यातनं माझ्या पोराचं कळंल का गं, त्याला पण हुईल का?" मी त्यांच्याशेजारी बसून सांगितलं, "आज्जी, यातनं तुम्हाला रिपोर्ट मिळणार नाही. पुढं लोकांना उपयोग व्हावा म्हणून हे चाललंय. नको वाटलं तर नाही म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही." त्यांनी थोडा विचार करून अंगठा दिला. हे बोलणं मला पीसीआरइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि ते कुठल्याही प्रॅक्टिकलमध्ये शिकवत नाहीत.

एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एक थेंबही घेता येत नाही आणि तिला वेळ लागतो. म्हणून गाईड ठरले की पहिला अर्ज तिथे द्या. किट आणि प्रायमरची (पीसीआरला लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांची) ऑर्डर त्यानंतर.