एसएमपीएस घेताना 12 व्होल्टची ओळ वाचा

माझं काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं. कोल्हापुरात राजारामपुरीत एक खोली, त्यात एकच डेस्कटॉप. मागच्या लग्नसराईआधी त्यात आरएक्स 6600 ग्राफिक कार्ड बसवून घेतलं आणि तेव्हापासून एक्स्पोर्ट लावला की चार-पाच मिनिटांत मशीन बंद. एरर नाही, निळा पडदा नाही, वायर उपटल्यासारखं एकदम बंद. कॅबिनेट उघडलं तर कार्डाला वीज एसएमपीएसमधून, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्यातून, डिस्कसाठी येणाऱ्या साटाच्या वायरीवरून कन्व्हर्टर लावून दिलेली, आणि त्या प्लगचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं.

हे मुद्दाम सांगतोय, कारण असला कन्व्हर्टर आग लावू शकतो. साटाच्या प्लगमधून 12 व्होल्टवर जास्तीत जास्त 54 वॉट घ्यायचे असतात, आणि कार्डाचा 8 पिनचा प्लग 150 वॉटपर्यंत मागू शकतो. एसएमपीएसमधूनच 6+2 पिनची (जोडली की 8 पिनची होणारी) वायर येत नसेल, तर तो एसएमपीएस त्या कार्डासाठी नाहीच.

माझ्या जुन्या एसएमपीएसच्या डब्यावर मोठ्या अक्षरात 450 वॉट लिहिलं होतं. बाजूच्या बारीक तक्त्यात मात्र 12 व्होल्टपुढं 16 अँपिअर. गुणाकार करा: 192 वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः 12 व्होल्टवरच चालतात, म्हणून हाच आकडा खरा. 12 व्होल्टच्या दोन ओळी असतील तर त्यांची आपण बेरीज करायची नाही, खाली दोन्हींचे मिळून वॉट दिलेले असतात ते धरायचे.

आता आपली गरज. माझं कार्ड 132 वॉटचं. प्रोसेसर आय-5 10400, कागदावर 65 वॉट, पण जोर लागला की थोडा वेळ 130 च्या आसपास जातो. बोर्ड, डिस्क, पंखे यांना 50 धरा. झाले साधारण 310. त्यामुळं 12 व्होल्टवर 430 च्या आसपास देणारा, 80 प्लस ब्रॉन्झचा 450 वॉटचा मला पुरला. दुकानदार 750 चा दाखवत होते. त्यांना म्हटलं, "दादा, एवढा नको, मला वॉरंटी जास्त वर्षांची द्या." ब्रॉन्झ म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच, पण स्वस्तात निवडताना ती एक बरी चाळणी आहे. सेकंडहँड कार्ड मी घेतो, सेकंडहँड एसएमपीएस कधीच नाही.

ऑफिसातून निघालेला कंपनीचा डेस्कटॉप असेल तर आधी उघडून बघा. बोर्डाचा प्लग नेहमीचा 24 पिनचा नसेल, तर बाजारातला एसएमपीएस थेट बसत नाही. आणि वायरी सुट्या होणारा एसएमपीएस असेल तर जुन्याच्या वायरी नव्याला कधीही जोडू नका. टोक बसतं, पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि डिस्क जळते.

आपल्याकडं वळीव आला की लाईट जाते, म्हणून यूपीएसही बघावा लागतो. 600 व्हीएचा साधा यूपीएस साधारण 360 वॉटच पेलतो, शिवाय काही नवे एसएमपीएस स्वस्त यूपीएसवर गेले की बंद पडतात. सगळं सेव्ह करून यूपीएसची भिंतीतली पिन एकदा काढून बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनला बोलवून अर्थिंग करून घ्या. आणि काही झालं तरी एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

बसवल्यावर एक्स्पोर्ट चालू ठेवून मोकळ्या मोलेक्स (चार पिनच्या जुन्या) प्लगच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मल्टिमीटर धरा. 11.4 ते 12.6 व्होल्टच्या आत आकडा हवा. माझा दोन तास 12.1 वर राहिला, आणि गडहिंग्लजच्या लग्नाचा व्हिडिओ एका दमात बाहेर पडला.