विमा क्लेमच्या वादात तज्ज्ञ साक्षीदार: या चुका टाळा

जुलैच्या पावसात कुर्ल्याच्या एखाद्या गाळ्यात पाणी शिरतं, माल भिजतो, कंपनी क्लेम नाकारते. मग गाळेवाल्याने नेमलेला तज्ज्ञ अहवालात ठोकून देतो, 'कंपनीने जाणूनबुजून फसवलं.' इथेच तो घसरतो. हेतू काय होता ते ग्राहक आयोग ठरवेल. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत 'बॅड फेथ'चा, म्हणजे कंपनी अप्रामाणिकपणे वागल्याचा, वेगळा दावा लावता येतो. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली 'सेवेतील त्रुटी' दाखवावी लागते. असा क्लेम रीतसर कसा हाताळतात आणि या फाइलीत ती रीत कुठे मोडली, एवढंच तज्ज्ञाने सांगावं. वकिली करायला वकील आहे.

रीत मोडल्याचं कळतं ते तारखांवरून. क्लेम कळवला कधी, नुकसान मोजणारा सर्व्हेयर आला कधी, त्याचा अहवाल किती दिवस टेबलावर पडून राहिला, तेच खरेदी बिल किती वेळा मागितलं. अहवालाचं पहिलं वाक्य लिहिण्याआधी हा तक्ता करा. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच बहुतेक जण टाळतात.

नकाराचं पत्रही तितक्याच बारकाईने वाचा. पत्रात एक कारण आणि आयोगापुढे भलतंच, हे सर्रास चालतं. सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं, की पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर पुढे करता येत नाही. तज्ज्ञ मात्र त्या नव्या कारणालाच पानंच्या पानं उत्तर देत बसतो!

सर्व्हेयरचा अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, पण 'तो कंपनीचाच माणूस' म्हणून उडवूनही लावता येत नाही. कोणता आकडा का चुकला, ते स्टॉक रजिस्टर आणि जीएसटीच्या कागदांशी ताडून दाखवा.

आकड्यांत एक खड्डा हमखास असतो. माल 40 लाखांचा, विमा 20 लाखांचा, नुकसान 10 लाखांचं. कमी विम्याची अट (मालाच्या जितक्या हिश्श्याचा विमा, नुकसानीच्या तितक्याच हिश्श्याची भरपाई) लागली तर हातात येतात 5 लाख. यात कंपनीचा दोष नाही, आणि तो आहे असं लिहिलंत तर बाकीच्या खऱ्या मुद्द्यांवरचा विश्वासही जातो. मात्र पॉलिसी छोट्या धंद्यांसाठीची 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' असेल, तर 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. म्हणजे 40 लाखांच्या मालाला 35 लाखांचा विमा असेल, तर कपात करताच येत नाही. हे न पाहता केलेली कपात पकडणं, हे तज्ज्ञाचं खरं काम.

'फुल अँड फायनल' व्हाउचरवर, म्हणजे 'सगळे पैसे मिळाले, आता मागणं नाही' अशा पावतीवर, सही झाली म्हणून हात झटकू नका. दबावाखाली सही घेतल्याचं सिद्ध झालं, तर उरलेली रक्कम मागता येते. त्यासाठी सहीनंतर लगेच पाठवलेलं आक्षेपाचं पत्र किंवा ईमेल शोधा.

आणि उलटतपासणीत सावरून घेऊ, या भरवशावर राहू नका. ग्राहक आयोगात पुरावा मुख्यतः प्रतिज्ञापत्रावर चालतो आणि उलटतपासणीही बहुधा लेखी प्रश्नावलीनेच होते. प्रतिज्ञापत्रात राहिलेला मुद्दा पुढे तोंडी मांडायची संधी क्वचितच मिळते.