मनाचं वेबिल कसं भरायचं

कंडक्टरला पहिलं तिकीट फाडण्याआधी एक काम असतं. डेपोत वेबिल, म्हणजे दिवसाच्या तिकिटांचा नि पैशांचा हिशोब लिहायचा कागद, हातात आलं की खिशात स्वतःचे किती पैसे आहेत ते त्यावर लिहायचं. खासगी रक्कम. वाटेत तपासणीवाले गाडीत चढले तर बॅगेतली रोकड आणि विकलेली तिकिटं यांचा मेळ बसला पाहिजे. पैसे कमी भरले तर पंचाईत, जास्त भरले तरी पंचाईतच. घरून आणलेली शंभराची नोट लिहायची राहिली, तर ती बायकोने भाजीला दिली होती हे मागाहून सांगून कोण ऐकतो?

सातारा-पाटण पट्ट्यात 28 वर्षं कंडक्टर होतो. पैशाचा हा नियम पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडला. मनाचाही हाच नियम आहे हे कळायला मात्र एक म्हातारी भेटावी लागली.

पावसाळा होता, सकाळची पहिली फेरी. म्हातारीने चोळीतून पाचशेची नोट काढली. सुट्टे नाहीत म्हणाली. हे वाक्य कंडक्टर दिवसातून वीसदा ऐकतो आणि हसून पुढे जातो. त्या दिवशी मी असा ओरडलो की ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं. म्हातारी काही बोलली नाही. ओली नोट पदराला पुसत बसली.

दुपारी डबा उघडला तरी ते पदराला पुसणं डोळ्यांपुढून हलेना. तेव्हा उलगडा झाला. आदल्या रात्री मुलीच्या फीसाठी मी धाकट्या भावाकडे हात पसरला होता. त्याने पैसे दिले, पण देताना स्वतःच्या बायकोकडे एकदा बघितलं. ते बघणं मी सकाळी सोबत घेऊन गाडीत चढलो होतो. म्हातारीची पाचशेची नोट नेमकी त्यावर पडली. म्हणजे मला राग आलाच नव्हता, मी ओशाळलो होतो. घरची रक्कम लिहायची राहून गेली होती.

तर पहिली गोष्ट ही. घराबाहेर पडताना, चप्पल पायात सरकवता सरकवता, स्वतःला विचारा: घरून काय घेऊन निघालोय? उत्तर एका शब्दात. सोडवायचं काही नाही, नुसती नोंद करायची. संध्याकाळी परत येताना दाराबाहेर हेच उलट्या बाजूने. साहेबावरची चिडचिड पोरांच्या ताटात वाढायची नसेल तर ती जिन्यातच मोजून घ्यावी.

दुसरी गोष्ट, हिशोब स्टेजवार. रात्री डेपोत बसून दिवसभराची तिकिटं आठवत लिहिणारा कंडक्टर मी पाहिला नाही. स्टेज, म्हणजे भाड्याचा टप्पा, आलं की नोंद तिथल्या तिथे. मी खिशात छोटी वही आणि पेन्सिल ठेवायचो. चहा, जेवण, दुपारची फेरी, इतक्याच नोंदी. शब्द, आणि तो अंगात कुठे लागतोय ते. ‘धाकधूक, पोटात.’ ‘वैताग, मानेत.’ पुष्कळदा लिहिताना कळायचं की साधी भूक लागली आहे. त्यावर उपाय वडापाव, चिंतन नव्हे.

सगळं अडतं ते शब्दापाशी, विशेषतः आम्हा पुरुषांचं. आमच्याकडे दोनच तिकिटं: ‘राग आला’ आणि ‘काही नाही’. आपल्या मराठीत यासाठी केवढी चिल्लर पडली आहे! चिडचिड वेगळी, वैताग वेगळा, संताप वेगळा. चिडचिड बहुधा झोपेची थकबाकी असते. वैताग एकाच गोष्टीचा पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा ती गोष्ट बदलता येते का ते बघायचं. संतापात बरेचदा कुणीतरी अन्याय केलेला असतो, तो नुसता गिळू नये. रुखरुख म्हणजे काहीतरी करायचं राहिलंय, एखादा फोन, एखादी माफी. हुरहुरीला मात्र इलाज नाही. मुलगी सासरी गेल्यावरची हुरहूर अजून आहे, राहू दे. हेवा कबूल करायला सगळ्यात जड जातो, पण आपल्याला खरंच काय हवंय ते त्याच्याइतकं स्पष्ट कुणी सांगत नाही. शेजाऱ्याच्या गाडीचा मला कधी हेवा वाटला नाही. त्याचा मुलगा रोज संध्याकाळी त्याच्याशी कॅरम खेळतो, त्याचा वाटला.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने सांगितलं, यावर प्रयोग झाले आहेत. अमेरिकेत मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 साली लोकांना भावनांनी भरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द जोडायला सांगितलं, तेव्हा अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका हेरणारा भाग, कमी खवळला. मला ते घंटीसारखं वाटतं. एक टोला दिला की गाडी थांबते. गाडी बंद पडत नाही, नुसती थांबते. पुढे कुठे जायचं ते मग बघता येतं.

आता आनंदाचं. आम्ही घर बांधलं तेव्हा वाटलं, झालं, आता काय पाहिजे. गिलावा वाळेपर्यंत मी रोज भिंतींवरून हात फिरवायचो. सहा महिन्यांनी त्याच भिंतीत ओल दिसायला लागली, आणि ओलीखेरीज काही दिसेना. भाचीने याचाही एक अभ्यास सांगितला. 1978 साली इलिनॉयमधल्या 22 लॉटरी विजेत्यांना विचारलं, तर ते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, नाश्ता, एखादा विनोद यांत त्यांना कमी मजा वाटत होती. बावीस माणसांवरून फार ताणू नये. पुढे स्वीडनमध्ये बऱ्याच मोठ्या संख्येवर पाहिलं, तर बक्षीस लागलेले लोक कित्येक वर्षांनीही आयुष्याबद्दल अधिक समाधानी होते. पैशाने काही होत नाही म्हणणाऱ्याने बहुधा कधी उसन्या पैशाने फी भरलेली नसते. पण नाश्त्याची चव जाते, ते मला पटलं.

म्हणून वहीत जमेची बाजूही ठेवा. अट एकच, नोंद बारीक हवी. ‘आज बरं वाटलं’ चालणार नाही. मुक्कामी गाडीच्या दिवसांतली माझी एक नोंद आहे: ‘पहाटे टपावर दव. ड्रायव्हरने स्टोव्हवर चहा केला, आलं जास्त. देवळात कुणीतरी झाडत होतं, खराट्याचा आवाज.’ आज वाचली तरी जिभेला आलं लागतं. त्याच आठवड्यात मिळालेल्या पगारवाढीची नोंदही आहे, तिचं काहीच आठवत नाही.

वही सगळ्याला पुरत नाही. दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, जगणं नको वाटतंय, असं असेल तर पेन्सिल ठेवा आणि 14416 वर फोन लावा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. बंद गाडीला धक्का मारायला आम्ही प्रवाशांनाच खाली उतरवायचो, त्यात कुणाची अब्रू गेली नाही.

निवृत्तीनंतर वही सुटली. आता दिवसाचा एक शब्द मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या खाड्याशेजारी. बायको सुरुवातीला हसली. मग एकदा तिने विचारलं, ‘या महिन्यात चारदा कंटाळा, चारही रविवारी, का हो?’ मला माहीत नव्हतं. माझी ड्यूटी नेहमी रविवारी असायची, हे तिनेच आठवण करून दिलं. आता रविवारी दोघं मंडईत जातो.

गेल्या गुरुवारच्या चौकोनात दूध एक लिटर, माझ्या अक्षरात ‘रुखरुख’, आणि त्याखाली तिच्या बारीक अक्षरात ‘मलाही. फोन कर त्याला.’ धाकट्याबद्दल होतं ते.