गिटमधला कचरा काढण्याआधी

नोकरीच्या पहिल्या वर्षात बहुतेकांना हा प्रश्न पडतोच: गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणारं टूल) मोठी फाइल डिलीट केली, कमिट केलं (बदल नोंदवला), पुशही झालं (सर्व्हरवर गेलं), तरी रिपॉझिटरी (फाइली आणि त्यांचा इतिहास ठेवलेली जागा) तेवढीच जड कशी? फाइल गेली ती फक्त आजच्या चित्रातून. जुन्या कमिटमध्ये ती आहेच, आणि त्या कमिटपर्यंत ब्रँचवरून (कामाच्या शाखेवरून) पोचता येतं. ब्रँच, टॅग (कमिटला दिलेलं नाव), स्टॅश (बाजूला ठेवलेले अर्धवट बदल), रिफ्लॉग (ब्रँच कुठकुठे सरकली त्याची नोंदवही) यांपैकी कुठूनच ज्याच्यापर्यंत वाट जात नाही, तेच ऑब्जेक्ट (गिटने साठवलेली फाइल, कमिट वगैरे) गिटच्या लेखी निरुपयोगी.

असे ऑब्जेक्ट रोजच्या कामात तयार होतच असतात. अमेंड केलं (शेवटची कमिट दुरुस्त केली), रिबेस केलं (कमिट दुसऱ्या पायावर नव्याने रचल्या), की जुनी कमिट मागे सुटतात. रिफ्लॉग त्यांना धरून ठेवतो: एरवीच्या नोंदी 90 दिवस, आणि ब्रँचच्या वाटेवर न उरलेल्या कमिटच्या 30 दिवस. तो हात सुटल्यावरही 2 आठवड्यांहून ताज्या ऑब्जेक्टना 'गिट जीसी' ही सफाईची कमांड पुसत नाही. सुटे (एकत्र पॅक न केलेले) ऑब्जेक्ट साधारण 6700 च्या वर गेले की बरेचसे कमांड जीसी आपणहून सुरू करतात. म्हणजे बहुतेक वेळा तुम्हाला काहीच करायचं नसतं.

तरी डिस्क भरतेय असं वाटलं, तर आधी 'गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच' चालवा. 'काउंट' मोठा असेल तर सुटे ऑब्जेक्ट साचलेत, साध्या जीसीने ते पॅक होतील, म्हणजे दाबून एकत्र भरले जातील. 'साइझ-पॅक' (पॅक केलेल्यांचा आकार) मोठा असेल तर वजन बहुधा खऱ्या इतिहासाचंच आहे. जीसी कितीदाही चालवा, फारसा फरक पडणार नाही. हे दोन आकडे न बघता सफाईला बसणं म्हणजे वेळ घालवणं.

आता माझं कळकळीचं सांगणं. इंटरनेटवरून उचललेला '--प्रून=नाऊ' (मुदत न बघता निरुपयोगी ऑब्जेक्ट लगेच पुसणारा जीसीचा पर्याय) सवयीने चालवू नका. त्या मुदती तुमच्यासाठीच ठेवल्या आहेत. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका मुलीचा स्टॅश चुकून ड्रॉप झाला होता. 'गिट एफएससीके' (ऑब्जेक्ट तपासणारी कमांड) चालवलं, डँगलिंग (कुठूनच वाट न उरलेल्या) कमिटची यादी आली, एकेक 'गिट शो'ने उघडून पाहिलं. तिचे बदल सापडले, आणि त्या कमिटचा हॅश (ओळख-क्रमांक) देऊन 'गिट स्टॅश अप्लाय' केल्यावर काम जसंच्या तसं परत आलं. प्रून झालं असतं तर सगळं नव्याने लिहावं लागलं असतं. शिवाय त्याच रिपॉझिटरीत दुसरी प्रोसेस लिहीत असताना हा पर्याय वापरला, तर रिपॉझिटरी बिघडू शकते.

इतिहासातूनच फाइल काढायची असेल तर 'गिट फिल्टर-रिपो' (इतिहास नव्याने लिहिणारं टूल) वापरा, पण टीम लीडला विचारून. ती फाइल जिथे आली तिथपासून पुढच्या कमिटचे हॅश बदलतात, फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलणारा पुश) लागतो, आणि प्रत्येकाने नव्याने क्लोन करावं (रिपॉझिटरीची प्रत घ्यावी) लागतं. नाहीतर कुणाच्या तरी जुन्या क्लोनमधून मर्ज होऊन तोच इतिहास परत सर्व्हरवर येतो. फाइलमध्ये पासवर्ड होता? मग पहिल्यांदा पासवर्ड बदला, सफाई नंतर. सर्व्हरवरची जीसी तुमच्या हातात नसते, आणि कुणी क्लोन आधीच घेतलेला असू शकतो.